कावळा कुणाच्या शब्दाला आला

नवी गाडी घेतली की ती आधी वणीच्या देवीला दाखवायची, मग तिच्यातून कुठं भटकायचं ते भटका, असा लंकाबाईच्या घरचा रिवाज. झेंडूच्या क्रेट वाहायला घेतलेला छोटा हत्ती टेम्पोसुद्धा त्यांनी हार घालून गडाच्या पायथ्याला नेऊन आणला होता. त्यामुळे पौषातल्या एका सकाळी महेशनं नवी पांढरी गाडी दारात उभी केली आणि म्हणाला, "आई, चल, देवीला जाऊ, मग दोन दिवस जरा हिंडू," तेव्हा लंकाबाईला त्यात काही वावगं वाटलं नाही. तिनं डब्यात दशम्या घेतल्या, शेंगदाण्याची चटणी घेतली आणि मागच्या सीटवर जाऊन बसली. पुढं महेशशेजारी सून निकिता.

लंकाबाई म्हणजे मखमलाबादच्या पुढं दीड एकरात झेंडू आणि शेवंती पिकवणारी बाई. साठी उलटली तरी बोटं बारा महिने पिवळी. पंचवटीच्या फुलबाजारात तिच्याशी भाव करायचा तर व्यापारी आधी चहा पिऊन घेतात. एकानं फुलं ओली आहेत म्हणून क्रेट मागं लोटली, तर तिनं ती त्याच्याच गादीवर पालथी केली, असं अजून सांगतात. जीभ तिखट, काम चोख, आणि एकदा नाही म्हटलं की ब्रह्मदेव आला तरी नाहीच. अशी माणसं घर चालवतात खरी, पण बाकीच्यांना तोंड उघडायला फारशी जागा ठेवत नाहीत.

तिच्या नवऱ्यानं, कोंडाजीनं, ती जागा कधी मागितलीही नाही. कोंडाजी बोलायचा त्याहून जास्त खाकरायचा. घरात शिरताना उंबऱ्याशी दोनदा खाकरायचा, आतल्या बायकांना कळावं म्हणून. बायकोचं काही पटलं नाही तरी दोनदाच खाकरायचा. तेवढंच त्याचं भांडण.

तीन वर्षांपूर्वी, दसऱ्याला आठ दिवस असताना, ऐन तोडणीत कोंडाजी झेंडूच्या वाफ्यात छातीला हात लावून बसला तो उठलाच नाही. दिवस झाले, पाहुणे गेले. आणि एका संध्याकाळी लंकाबाई देवापुढं दिवा लावत होती तेव्हा उंबऱ्याशी कुणीतरी दोनदा खाकरलं.

तिनं काडी तशीच टाकून मागं बघितलं. दारात कुणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. महेशला ऐकू येत नव्हतं, निकिताला येत नव्हतं. हळूहळू सवय होईल असं तिला वाटलं, पण असल्या गोष्टीची सवय होत नाही. दिवेलागण जवळ आली की तिचे हात थंड पडायचे. एकदा तिनं दिवाच लावला नाही, शेजारी जाऊन बसली, तर शेजारणीच्या उंबऱ्याशी खाकरणं आलं. तिचं जेवण तुटलं, अंगावरचं मांस उतरलं. बाजारातले लोक विचारायला लागले, बाई, काय झालंय काय तुम्हाला? गावच्या भगतानं तांदूळ टाकून सांगितलं, "दहाव्याला दिलेला शब्द राह्यलाय. मयत मोकळं नाय झालं."

आता दहाव्याचं सांगायला हवं, कारण घोडं पेंड खातंय ते तिथंच.

रामकुंडावर पिंड ठेवला होता. कठड्यावर कावळे ओळीनं बसलेले, पण एक खाली उतरेल तर शपथ. मेलेल्याची इच्छा राहिली असली की कावळा शिवत नाही, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. मग एकेकानं पुढं व्हायचं, हात जोडून शब्द द्यायचा. ज्याच्या शब्दाला कावळा उतरेल ती त्या माणसाची राहिलेली इच्छा. भावकीनं शब्दांची नुसती खैरात केली. मळा विकणार नाही म्हणाले, वहिनीला अंतर देणार नाही म्हणाले. कुणी तंबाखूची पुडी आणून ठेवली, कुणी बुंदीचा लाडू. कावळे ढिम्म. तास उलटला, ऊन चढलं, गुरुजींनी नाइलाजानं दर्भाचा कावळा वळायला घेतला.

तेवढ्यात महेश रडत ओरडला, "अण्णा, तुम्हाला विमानात बसवीन! आभाळातून मळा दाखवीन!"

ओझरची विमानं डोक्यावरून गेली की कोंडाजी खुरपं खाली टाकून मान मोडेस्तोवर वर बघत राहायचा, हे सगळ्या शिवाराला माहीत होतं. महेशचा शब्द संपतो न संपतो तोच एक कावळा उतरला आणि भाताचं शीत उचलून गेला. लोक रडता रडता हसले. विमान म्हटलं अन् कावळा आला, ही गोष्ट पुढं लग्नाच्या पंगतीतसुद्धा सांगितली जायची.

फक्त लंकाबाईला माहीत होतं की त्याच क्षणी पदराआड तिचेही ओठ हलले होते. ती म्हणाली होती, "नवसावन्संला घरी आणीन. तिचं पाय धरीन."

नवसाबाई ही कोंडाजीची धाकटी बहीण, सटाण्याकडं दिलेली. वीसेक वर्षांपूर्वी वडिलांची जमीन कोंडाजीच्या एकट्याच्या नावावर करायची तर बहिणीनं हक्कसोडीवर सही करायला हवी होती. नवसाबाई म्हणाली, करते की, फक्त विहिरीकडचा आईनं लावलेला आंबा माझा म्हणा. कागदावर नको, नुसतं तोंडानं म्हणा. लंकाबाईला त्यात डाव दिसला. आज आंबा मागते, उद्या विहीर मागेल. त्या भाऊबीजेला नणंद ओवाळायला आली तेव्हा लंकाबाईनं दार अर्धंच उघडलं आणि म्हणाली, "आधी सही, मग ओवाळणी." आत कोंडाजी दोनदा खाकरला, पण बाहेर आला नाही. नवसाबाई ताट ओट्यावर ठेवून एसटीला निघून गेली. आठवड्यानं नाशिकच्या कचेरीत येऊन तिनं मुकाट्यानं सही केली आणि माहेरचं नाव टाकलं. आंबा पुढच्या साली लंकाबाईनं तोडायला लावला. सावलीनं झेंडू मार खातो म्हणे.

एवढ्यावर थांबली असती तरी चाललं असतं. कोंडाजी गेला त्या दिवशी कुणाकुणाला फोन करायचे ते लंकाबाईच सांगत होती, आणि तिनं नवसाबाईला कळवूच दिलं नाही. महेशनं विचारलं, आत्याला सांगितलं का? ती म्हणाली, "मी सांगितलंय. येत नाय म्हणली." आपण असं का बोललो ते तिलाही धड सांगता आलं नसतं. ऊर बडवत आलेल्या नणंदेला कुठल्या तोंडानं आत घ्यायचं, याची लाज वाटली असावी. तेराव्यानंतर कुणाकडून तरी कळून नवसाबाईचा फोन आला, तोही लंकाबाईनं उचलून गुपचूप ठेवून दिला. रामकुंडावर दिलेला शब्द असा महिनाभरसुद्धा टिकला नाही.

बिचारा महेश मात्र स्वतःचा शब्द उरावर घेऊन बसला. वास्तविक त्याला उंचीची भयंकर भीती. पाण्याच्या टाकीवर चढायचं तर गड्याला पाठवतो. तरी पहिल्याच वर्षी अण्णांची टोपी पिशवीत घालून तो ओझरहून विमानानं हैदराबादला जाऊन आला, जाता-येता डोळे घट्ट मिटून. खाकरणं काही थांबलं नाही. भगत म्हणाला, "बंद खोक्यात बसवलं व्हय? मोकळं आभाळ कुठं दिसलं त्याला?" लंकाबाई तेव्हा भिंतीला टेकून सगळं ऐकत होती. कोंडाजी विमानासाठी अडलेला नाही हे तिला त्या दिवशी पक्कं कळलं. पण कळलं म्हणून तोंडातून निघालं असतं तर काय हवं होतं.

तर गडावर दर्शन झालं. महेश रुळांवरून वर नेणाऱ्या ट्रॉलीत चढताना-उतरताना आईचा हात धरून होता, आणि त्याचा तळवा ओला होता. खाली आल्यावर गाडी नाशिककडं न वळता कळवणच्या रस्त्याला लागली तसं लंकाबाई सीटवर पुढं सरकली.

"ही वाट सटाण्याला जाती ना रे?"

"जाते. पण आपल्याला अलीकडंच थांबायचंय."

निकिता खिडकीतून बाहेर बघत होती. सकाळपासून ती नवऱ्याशी चार शब्द बोलली नव्हती.

गाडी डांबरी सोडून एका माळावर शिरली. कुण्या बड्या माणसानं कधीकाळी बांधलेली आणि नंतर पडीक राहिलेली धावपट्टी होती ती, कडेनं कुसळं वाढलेली. तिच्यावर एक चिमुकलं विमान उभं होतं, एकच पंखा आणि एका बाजूला दारच नाही. एक मंडप, चार-सहा खुर्च्या, बांबूवर वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी. गुरं राखणारी दोन माणसं कुंपणाबाहेर उकिडवी बसून फुकटचा तमाशा बघत होती. लंकाबाई उतरली तेव्हाच वरून काहीतरी फडफडल्यासारखं झालं. आभाळात दोन माणसं एकमेकांना बांधलेली, लाल छत्रीखाली लोंबत हळूहळू खाली येत होती. त्यांचे पाय मोकळे हलत होते. लंकाबाईला झाडाला लटकलेल्या माणसाचे पाय दिसल्यासारखं झालं आणि तिनं पटकन नजर काढली.

टेबलाशी बसलेल्या मुलीनं महेशचं नाव बघितलं. म्हणजे हे आधीच ठरवून ठेवलेलं होतं.

"महेश, हे काय हाय?"

"अण्णांना मोकळं आभाळ दाखवतो, आई." त्यानं खिशातून टोपी काढून दाखवली. "उद्यापासून तुला काही ऐकू येणार नाही. बघ तू."

"नुसतं बसून खाली येता येत नाय का?" लंकाबाईनं त्या मुलीला विचारलं.

"नाही काकू. वर गेलं की उडी मारूनच यायचं. पण सर मागं बांधलेले असतात, घाबरू नका," असं म्हणून तिनं महेशपुढं कागद सरकवला. ह्या माणसाला हृदयविकार, रक्तदाब, चक्कर यांतलं काही आहे का, पुढं खूण करा. महेश गेलं वर्षभर रक्तदाबाची गोळी घेतो. त्यानं सगळीकडं 'नाही'वर खूण केली.

"खोटं लिहू नका," निकिता हळू आवाजात म्हणाली. "अण्णा कशानं गेले विसरलात का? आई, तुम्ही तरी सांगा ह्यांना. आठ दिवस मी घसा फोडतेय."

लंकाबाईला सांगता येईना. मुलाची ती खूण तिला खुपत होती. हा खोटं लिहायला शिकला तो कुणाच्या पायी? तिच्या एका खोट्याला जपायला पोरगं आता जीव टांगायला निघालं होतं, आणि टांगायला निघालं होतं ते आईसाठीच. खरं सांगितलं तर मुलगा पुन्हा आई म्हणेल का, हा धाक तिला त्या विमानाहून मोठा वाटत होता.

महेशला मंडपाबाहेर नेऊन एक माणूस त्याच्या अंगावर पट्टे चढवू लागला. खांद्यावरून, मांड्यांवरून, छातीवरून. प्रत्येक पट्टा ओढून आवळताना महेश डोळे मिटत होता. त्याच्या ओठावर घाम आला होता आणि तोंडाचा रंग उतरला होता. झेंडूच्या वाफ्यात बसताना कोंडाजीचं तोंड असंच झालं होतं.

आणि भर दुपारी, त्या उघड्या माळावर, जिथं ना घर ना उंबरा, लंकाबाईच्या कानामागं कुणीतरी दोनदा खाकरलं.

इतकं जवळून ते आजवर कधी आलं नव्हतं. तिनं वळून बघितलं नाही. ती तशीच चालत महेशजवळ गेली आणि त्याच्या छातीवरचा पट्टा मुठीत धरला.

"हे सोड."

"आई, दहा मिनिटांचं काम आहे. तू खुर्चीत बस जाऊन."

"तुझ्या शब्दाला नाय आला कावळा."

"काय?"

"माझ्या शब्दाला आला. तू वरडला तवा मी बी बोलले व्हते. नवसावन्संला घरी आणीन, तिचं पाय धरीन, म्हणले व्हते. तुझा आवाज मोठा, म्हणून सगळ्यास्नी तुझं वाटलं. मी गप ऱ्हायले."

महेश कसंनुसं हसला. "बरं, मग? त्यात तुझी काय चूक? तिलाच यायचं नव्हतं. सख्ख्या भावाच्या मातीला आली नाही ती बाई."

"तिला कळवलंच नव्हतं मी."

पट्टे चढवणारा माणूस समजूतदार होता. तो काहीतरी आणायचं निमित्त करून बाजूला झाला. विमानाचा पंखा सुरू झाला आणि माळावरची धूळ उठली. महेशनं एकेक करून पट्टे सोडले, नीट गोळा करून खुर्चीवर ठेवले आणि शेजारच्या खुर्चीत बसला.

लंकाबाईला रडू आलं, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं. तीन वर्षांनी तिच्या छातीत पुरता श्वास शिरला. "तू मला काय बोलायचं ते बोल," ती म्हणाली. "पण आता चल. इथनं सटाणा जवळ हाय. आत्ताच जाऊ. तिच्या उंबऱ्यावर डोकं ठेवीन मी. ती लाथ मारंल तर मारू दे."

महेशनं अण्णांची टोपी खिशातून काढून गुडघ्यावर ठेवली.

"आत्या नाही आता," तो म्हणाला.

"म्हंजी?"

"मागच्या फाल्गुनात गेली. जीवनदादाचा फोन आला होता सकाळी." जीवन म्हणजे नवसाबाईचा मुलगा. "म्हणाला, महेश, माहेरचं लुगडं घेऊन ये. दुपारपर्यंत थांबतो आम्ही."

बाई गेली की तिच्या अंगावर शेवटचं लुगडं माहेरचं पडतं. भाऊ, भाऊ नसला तर भाचा ते घेऊन येईपर्यंत तिला उचलत नाहीत. लंकाबाईनं स्वतःच्या आईच्या वेळी मामाची वाट पाहत बायका कशा बसून राहिल्या होत्या ते पाहिलं होतं.

"मग तू गेला नाय?"

"भावाच्या मातीला जिला सवड झाली नाही तिला आमचं लुगडं कशाला, असं म्हणालो. आणि ठेवला फोन. त्यानं परत दोनदा लावला. मी उचलला नाही."

"मला का नाय सांगितलं?"

"तुला कशाला त्रास, म्हटलं." महेश म्हणाला. "मला वाटलं, तुला तिचं नावसुद्धा नको असेल."

लंकाबाई उभी होती तिथंच खाली बसली, कुसळांत. कोंडाजी गेल्यावर नवसाबाई अडीच वर्षं जिवंत होती. सटाण्याची एसटी दर तासाला सुटत होती. त्या सगळ्या संध्याकाळी उंबऱ्याशी येणारा माणूस तिला भिववत नव्हता, घाई करत होता, हे तिला आता समजलं, आणि समजून काही उपयोग उरला नव्हता. निकितानं येऊन तिच्या काखेत हात घातला आणि तिला गाडीपर्यंत नेलं. मागून ती मुलगी हाका मारत होती, सर, तुमचाच नंबर आहे. कुणी मागं बघितलं नाही.

माळावरून गाडी डांबरी रस्त्याला आली. डावीकडं नाशिक, उजवीकडं सटाणा. महेशनं गाडी थांबवली आणि स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिला.

"सटाण्याकडं घे," मागून लंकाबाई म्हणाली.

"आता कुणासाठी?"

"जीवन हाय ना. त्याला खरं सांगते."

"तू खरं सांगशील. मी काय सांगू?" महेश आरशात न बघता म्हणाला. "मी तर खोटं बोललोच नव्हतो, आई. मला जे खरं वाटलं तेच मी त्याला ऐकवलं, तिला समोर ठेवलेली असताना."

फुलबाजारात सात जणांना गप्प करणारी ती बाई पदर तोंडात कोंबून बसली. पाठीमागून एका ट्रॅक्टरनं हॉर्न वाजवला. महेशनं गाडी उजवीकडं घातली.

दोन-तीन मैल गेले. दोन्ही बाजूंना कांद्याची रोपं लावणाऱ्या बाया वाकलेल्या होत्या. एका गावात रस्त्याच्या कडेला कापडाचं दुकान लागलं, दारावर लुगडी टांगलेली. लंकाबाईनं ती दुकान जवळ येताना पाहिली, मागं पडताना मान वळवून पाहिली.

"महेश," ती म्हणाली, "मग शेवटाला काय नेसवलं रे तिला?"

महेशनं गाडीचा वेग कमी केला.

"मी विचारलं नाही, आई."